फॅमिन, स्केअर्सिटी, ड्राउट : तीन शब्द आणि एक दुष्काळ

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एका इंग्रजी शब्दाविषयी कायदा केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा वगळावी व तिच्या जागी 'स्केअर्सिटी' ही संज्ञा योजावी, एवढाच त्या कायद्याचा आशय होता. त्यामागील भूमिका अशी की, राज्यातील शेतीच्या परिस्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसू लागताच मदतीची कामे सुरू होतात. तेव्हा फॅमिनची अवस्था उद्भवण्यास वावच उरलेला नाही आणि म्हणून ही संज्ञा कालबाह्य झाली आहे.

कोशकार एखाद्या शब्दास कालबाह्य म्हणतो तेव्हा तो शब्द योजणारे लोक उरले नाहीत, एवढेच त्याला सांगायचे असते. विधिमंडळाने मात्र शब्द कालबाह्य ठरवला तो त्याने दर्शविलेली वस्तुस्थिती संपली असे गृहीत धरून. नऊच वर्षांनी, १९७२ साली, या गृहीताची परीक्षा झाली. सरकारदरबारी ती टंचाई होती. खडी फोडायला गेलेल्या, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या माणसांच्या तोंडी मात्र 'बहात्तरचा दुष्काळ' हेच नाव रुजले आणि आजही तेच आहे. हे दोन शब्द परस्परांचे पर्याय असते, तर हा भेद केवळ शैलीचा ठरला असता. ते पर्याय नाहीत हे दाखवणे, आणि या अर्थभेदाकडे मराठी समीक्षेने केलेल्या दुर्लक्षाचे परिणाम तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

इंग्रजीत ड्राउट, डर्थ, स्केअर्सिटी, फॅमिन आणि स्टार्व्हेशन हे शब्द एकमेकांच्या शेजारी नांदतात, आणि सर्वसाधारण वाचक ते एकाच अर्थवर्तुळात ठेवतो. त्यांच्या व्युत्पत्ती पाहिल्या म्हणजे ही शेजारधर्माची एकरूपता विरू लागते. ड्राउट हा शब्द 'कोरडा' या अर्थाच्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. त्याचा मूळ अर्थ केवळ कोरडेपणा. डर्थ हा 'महाग' या अर्थाच्या 'डिअर' या शब्दापासून आलेला. त्यामुळे त्याचे खरे मराठी भावंड दुष्काळ हे नसून महागाई, अथवा जुन्या वृत्तपत्री मराठीतील महर्गता, हे आहे. स्केअर्सिटीचा संबंध साठ्यातील तुटीशी आहे. फॅमिनचे मूळ भूक या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, तर 'स्टार्व्ह' या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ नुसता 'मरणे' असा होता.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे खरे. तरीही हे शब्द कशाविषयी विधान करतात हे तिच्यावरून उमगते. ड्राउट हे आकाशाविषयीचे व मातीविषयीचे विधान आहे, डर्थ हे बाजारभावाविषयीचे, स्केअर्सिटी हे पुरवठ्याविषयीचे, फॅमिन हे समाजाविषयीचे आणि स्टार्व्हेशन हे शरीराविषयीचे. ज्या प्रदेशात मनुष्यवस्ती नाही तेथेही ड्राउट असू शकतो. फॅमिनला माणसे लागतात. याच कारणाने एक असताना दुसरा असेलच असे नाही. पाऊस न पडताही समाज जगवता येतो आणि पाऊस पडूनही माणसे उपाशी राहू शकतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात हाच भेद अर्थशास्त्राच्या केंद्रस्थानी आणला. देशात अन्न नसणे आणि विशिष्ट लोकांच्या हाती अन्न न येणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि भुकेची मीमांसा करताना दुसरी अवस्था विचारात घ्यावी लागते, हे त्यांच्या विवेचनाचे सार.

अर्थशास्त्राच्या कितीतरी आधी हा भेद साहित्याने ओळखला होता. बर्नार्ड शॉ यांच्या 'मॅन अँड सुपरमॅन' या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात आयर्लंडमधून अमेरिकेस गेलेला मॅलोन हा धनाढ्य गृहस्थ आपल्या वडिलांच्या मृत्यूविषयी बोलतो. समोरची इंग्रज तरुणी त्या आपत्तीस फॅमिन म्हणते. मॅलोन तो शब्द नाकारतो व स्टार्व्हेशन हा शब्द पुढे करतो. ज्या देशात धान्य भरपूर आहे आणि तेथून ते बाहेरही जाते आहे, तेथे फॅमिन कसले, हा त्याचा युक्तिवाद. येथे एक लक्षणीय उलटापालट दिसते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने फॅमिन हा शब्द नाकारला तो फार कठोर म्हणून. मॅलोन तोच शब्द नाकारतो तो फार सौम्य म्हणून. त्याच्या कानाला फॅमिनमध्ये निसर्गाची सबब ऐकू येते, तर स्टार्व्हेशनमध्ये उपाशी ठेवणारा कोणी तरी सूचित होतो. शब्दाचा अर्थ कोशात एक असला तरी तो कोणत्या शब्दाच्या विरोधात उभा केला आहे, यावर त्याचे मूल्य ठरते, या संरचनावादी सिद्धान्ताचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२

वसाहतीच्या प्रशासनाने या शब्दांना श्रेणी दिली. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण संहारानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ पासून फॅमिन कोड अस्तित्वात येऊ लागले. टंचाईच्या निकटची अवस्था, टंचाई आणि फॅमिन अशी चढती श्रेणी त्यातून रूढ झाली. प्रत्येक पायरीला शासनाची कर्तव्ये जोडलेली होती. म्हणजे फॅमिन हा शब्द उच्चारणे ही केवळ वर्णनाची गोष्ट उरली नाही. ती एक कृती झाली. तो उच्चारताच तिजोरी उघडावी लागे. म्हणूनच तो न उच्चारण्याचा मोह प्रशासनात निर्माण झाला. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली, पण तेथील सरकारने कोडनुसार फॅमिन जाहीर केले नाही. वस्तुस्थिती शब्दावाचून घडली आणि शब्दाशी बांधलेली कर्तव्ये कागदावरच राहिली.

या पार्श्वभूमीवर १९६३ च्या कायद्याकडे पाहिले पाहिजे. त्याच्या कर्त्यांचा हेतू कुटिल होता असे मानण्याचे कारण नाही. वसाहतकाळातील उपासमारीची आठवण असलेला शब्द स्वतंत्र राज्याच्या कायद्यात नको, अशी स्वाभिमानाची भावनाही त्यामागे असू शकेल. शिवाय १९७२ नंतर याच राज्यात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना विस्तारली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. मागेल त्याला काम देण्याची ही हमी साऱ्या देशाला पुढे अनुकरणीय वाटली. फॅमिनची अवस्था येऊ न देण्याचे आश्वासन अगदीच पोकळ नव्हते. तरीही अर्थदृष्ट्या एक स्थलांतर घडलेच. फॅमिन हे माणसांविषयीचे विधान होते, स्केअर्सिटी हे पुरवठ्याविषयीचे आहे. पहिल्या शब्दाने 'कोण उपाशी आहे?' असा प्रश्न पडतो, दुसऱ्याने 'काय कमी आहे?' असा. श्रेणीतील वरची पायरी काढून टाकली म्हणून माणसे त्या पायरीवर चढायची थांबत नाहीत. ती चढली तर त्यांना नाव मात्र उरत नाही.

३

मराठीत या प्रश्नाला निराळे वळण मिळते, कारण मराठीचा मुख्य शब्द वरीलपैकी कोणत्याच इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द नाही. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. त्यात पाऊस नाही, धान्य नाही, भूकही नाही; आहे तो केवळ काळ आणि त्याला लागलेला दोषदर्शक उपसर्ग. त्याचा विरुद्धार्थी शब्द सुकाळ हाही काळाचाच. इंग्रजीतील फॅमिनला अशी उपसर्ग बदलून मिळणारी जोडी नाही. मराठी शब्द काळाचा असल्यामुळेच 'ओला दुष्काळ' हा प्रयोग सहज होतो. 'ओला ड्राउट' म्हणणे म्हणजे ओला कोरडेपणा म्हणणे. तो वदतोव्याघात होईल. ओला दुष्काळ हा व्याघात नाही, कारण अतिवृष्टीने पीक सडले तरी काळ वाईटच असतो. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून तुकारामांच्या संसारावर कोसळलेल्या सतराव्या शतकातील दुष्काळापर्यंत हा शब्द आकाश, बाजार, कोठार आणि पोट यांना एकत्र कवेत घेत आला आहे.

ही व्यापकता हे या शब्दाचे सामर्थ्य आहे, तशी ती त्याची मर्यादाही आहे. त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. दुष्काळ 'पडतो', जसा पाऊस पडतो. या क्रियेला कर्ता आहे, पण तो दुष्काळ स्वतःच; तो पाडणारा कोणी नाही. टंचाई 'भासते', म्हणजे ती असण्यापेक्षा जाणवण्याच्या पातळीवर राहते. उपासमार 'होते', पण शब्दाच्या पोटात 'मार' दडलेला असल्याने मारणारा कोण, हा प्रश्न पुरता विझत नाही. भूकबळी या शब्दात बळी आहे, आणि बळी म्हटला की तो घेणारा आला. नव्वदच्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंविषयी 'कुपोषण' की 'भूकबळी' असा जो वाद चालला, तो वरवर पाहता शब्दांचा होता; प्रत्यक्षात तो उत्तरदायित्वाचा होता. मॅलोनने इंग्रजीत जो भेद केला, तो करण्याची साधने मराठीजवळ आहेत. ती दुष्काळ या एका शब्दात नसून त्याच्या भोवतालच्या शब्दांत विखुरलेली आहेत.

प्रशासकीय मराठीने या शब्दांत आणखी एका विलक्षण शब्दाची भर घातली: 'दुष्काळसदृश'. सादृश्यवाचक शब्दांचे कार्य संस्कृत अलंकारशास्त्राने बारकाईने तपासले आहे. उपमेला उपमेय आणि उपमान यांच्यात साम्य हवे, आणि भेदही हवा. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणताना मुख चंद्र नाही हे आधीच मान्य केलेले असते. त्या न्यायाने एखाद्या गावची परिस्थिती दुष्काळसदृश आहे असे म्हणणे म्हणजे तेथे दुष्काळ नाही असे म्हणणे होय. हा तर्क केवळ काव्यशास्त्राचा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयासमोर हा विषय आला तेव्हा, मे २०१६ मध्ये, शासनाने आपल्या आदेशांतील 'दुष्काळसदृश' हा शब्द 'दुष्काळ' असा वाचावा असे स्पष्ट करण्याची तयारी दाखवली, आणि एकोणतीस हजारांच्या आसपास गावे एका प्रत्ययवजा शब्दाच्या लोपाने उपमेतून वस्तुस्थितीत आली. तेथे 'दुष्काळ' हा शब्द ड्राउटचा प्रतिशब्द म्हणून वापरला गेला, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे फॅमिन गेला, त्याचा मराठी देह राहिला, आणि त्या देहात ड्राउटचा अर्थ भरला गेला.

४

या साऱ्या अर्थभेदांची कसोटी विशिष्ट भूमीवर लागते. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुका या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, कोलामांचे पोड आणि तालुक्याच्या गावची कापसाची बाजारपेठ असा हा मुलूख. माणदेशाच्या तुलनेत येथे पाऊस पुष्कळच अधिक पडतो. तरीही जून-जुलैत पावसाचा मोठा खंड पडला की दुबार पेरणी करावी लागते, आणि बोंडे फुटण्याच्या वेळी झड लागली की हाताशी आलेला कापूस भिजून जातो. वर्षाची सरासरी मात्र भरलेली दिसते. ड्राउट हा शब्द येथे सरासरीच्या आधारे नाकारता येतो.

स्केअर्सिटी हा शब्द लागू पडतो का? कापूस खाता येत नाही. तो बुडाला तरी घाटंजीच्या किराणा दुकानातील धान्य कमी होत नाही. ते विकत घेण्याची ऐपत कमी होते. उलट पीक चांगले आले आणि भाव कोसळला, तर विपुलताच संकटाचे रूप घेते. अशा ठिकाणी पुरवठ्याच्या तुटीचा शब्द वस्तुस्थितीच्या जवळपासही पोचत नाही. आणि फॅमिन? रस्त्यावर प्रेते पडत नाहीत, मदतकेंद्रांपुढे रांगा लागत नाहीत, म्हणून तोही शब्द लागू नाही. तीनही इंग्रजी संज्ञांच्या मधल्या रिकाम्या जागेत हा प्रदेश उभा आहे.

या रिकाम्या जागेत कागदोपत्री मराठीने दोन शब्द रोवले आहेत: पैसेवारी आणि नापिकी. प्रमाण उत्पन्न रुपया मानून चालू हंगामाचे पीक किती पैसे आले, ते पैसेवारी सांगते. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाचे भवितव्य ठरत आले. नापिकी हा शब्द तर 'कर्जबाजारीपणा' या शब्दाबरोबर जोडीनेच येतो, तोही बहुधा शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत किंवा चौकशीच्या कागदावर. मृत्यूचे कारण या शब्दांत बसले तर मृत शेतकऱ्याचे कुटुंब मदतीस 'पात्र', न बसले तर 'अपात्र'. २००६ च्या जुलैत केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी खास मदतयोजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ब्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. साहित्यसंस्थेला त्या व्यासपीठावर या वास्तवाला जागा द्यावीशी वाटली. समीक्षेच्या परिभाषेत मात्र त्या वास्तवाला अद्याप नेमका शब्द मिळालेला नाही.

५

आता मराठी कादंबरीकडे वळावे. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत 'दुष्काळाचे चित्रण' ही पाटी इतक्या सरसकट लावली जाते की, तिच्याखाली अगदी भिन्न प्रकृतीच्या कलाकृती एकत्र येतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) अखेरीस पाऊस हुलकावणी देतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडतात. हे चित्रण काटेकोर अर्थाने ड्राउटचे आहे. तेथे आकाश हेच प्रमुख पात्र आहे. निवेदनातील अलिप्तता, तक्रारीचा अभाव आणि वाडी ओस पडण्याची संथ लय ही सारी त्या वस्तुस्थितीशी सुसंगत आहे. माडगूळकरांनी व्यवस्थेवर आसूड ओढला नाही अशी तक्रार काही समीक्षक करतात. ड्राउटच्या कादंबरीकडून फॅमिनच्या कादंबरीची अपेक्षा केल्यामुळे ती तक्रार उद्भवते.

उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) नेमकी उलट स्थिती आहे. वऱ्हाडातल्या या कादंबरीत कौतिकच्या घरात भूक अखंड आहे, पण तिचे कारण आकाशात नाही. शिंपीकामावर न निभणारा संसार, नवऱ्याचा नाकर्तेपणा व पुढे त्याचा रोग, आणि एका बाईची न संपणारी कष्टाची धडपड यांतून ती भूक येते. गावात धान्य आहे. या घरात नाही. सेन यांनी पुढे ज्याचे सिद्धान्तन केले, ती गोष्ट शेळके यांनी दोन दशके आधी एका घराच्या चार भिंतींत दाखवली होती. 'धग'ची चर्चा दारिद्र्याची आणि नियतीची कादंबरी म्हणून पुष्कळ झाली. स्टार्व्हेशनचे, म्हणजे पाऊस-पाण्याशी संबंध नसलेल्या उपासाचे, रूप तिने किती अचूक पकडले आहे, याकडे मात्र कमी लक्ष गेले, कारण ही संकल्पना दुष्काळ या शब्दाच्या सावलीत वेगळी दिसत नव्हती.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) तिसरी दिशा दाखवते. तिचा नायक एकनाथ उच्चशिक्षित, बेकार आणि शेतकऱ्याच्या घरातला आहे. या कादंबरीचे शीर्षकच काळवाचक आहे, हे अर्थपूर्ण आहे. दुष्काळ या शब्दात वाईट काळ येतो आणि जातो, त्याच्या मागेपुढे सुकाळ असतो, अशी अपेक्षा गृहीत आहे. 'बारोमास' म्हणताना ती अपेक्षाच मोडून पडते. बाराही महिने जो असतो तो काळ 'दुष्' म्हणून वेगळा काढता येत नाही. तोच नेहमीचा काळ होतो. घाटंजीच्या संदर्भात जी रिकामी जागा दिसली, तिच्यासाठी देशमुखांनी एक शब्द सुचवला आहे, असे म्हणता येईल. २००४ साली या कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; या शीर्षकातील संकल्पनात्मक सूचना मात्र समीक्षेने पुरेशी उचलली नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. इंग्रजी शब्दांतील अर्थभेद घेऊन मराठी कलाकृती मोजणे ही देखील वसाहतीचीच सवय नव्हे काय? दुष्काळ हा शब्द ज्या जीवनदृष्टीतून आला, तिला हे तुकडे मान्य नसतील. आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच खरा आहे. काळ, भूक, महागाई आणि मरण ही एकाच अनुभवाची अंगे आहेत, हे मराठी शब्द सांगतो, आणि ते कोणत्याही वर्गीकरणाने विसरता कामा नये. परंतु त्याच शब्दाच्या 'पडण्या'त कर्ता हरवतो, हेही तितकेच खरे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे पावसात शोधली नाहीत. सारा, कोर्टकचेऱ्या, सावकारी आणि नोकरशाही यांकडे बोट दाखवले. तेव्हा कर्ता शोधणारी मराठी परंपरा इंग्रजीची उसनवारी नाही. इंग्रजी अर्थभेदांचा उपयोग आहे तो तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधण्यापुरता. मराठीचा अनुभव मराठी शब्दांतच मांडावा लागेल, पण ते शब्द अवर्षण, नापिकी, टंचाई, महागाई, उपासमार, भूकबळी असे एकेक पारखून, परस्परांपासून वेगळे ठेवून वापरावे लागतील.

कायद्याने एक शब्द काढला तेव्हा एका अवस्थेचे नाव गेले. समीक्षेने सगळ्या अवस्थांना एकच नाव दिले तेव्हाही परिणाम फारसा वेगळा झाला नाही: माडगूळकरांचे आकाश, शेळके यांची चूल आणि देशमुखांचे बारा महिने एकाच पाटीखाली गेले. घाटंजीच्या तहसील कचेरीत कोणता शब्द लिहिला जातो, यावर एखाद्या कुटुंबाला मदत मिळते किंवा मिळत नाही. समीक्षकाच्या शब्दावर इतके काही अवलंबून नसते. परंतु त्या कुटुंबाची गोष्ट उद्या कोणी लिहिली, तर ती आकाशाची म्हणून वाचायची, बाजाराची म्हणून की माणसांनी माणसांशी केलेल्या व्यवहाराची म्हणून, हे त्याच्या शब्दावर ठरेल. आणि तेवढी जबाबदारी समीक्षेला टाळता येणार नाही.